मी तिथं होतो बे!

झिरो माइलच्या गावात, म्हणजे नागपुरात, राहण्याचा एक फायदा आहे, इथून सगळंच सारखं लांब. रॉक बँड मुंबईला उतरतात, बंगळुरूला उतरतात, आणि आपण शंकरनगरच्या ठेल्यावर तर्री पोहे खात त्यांच्याबद्दल बोलतो. आता बोलायचंच आहे, तर "यूट्यूबवर पाह्यलं" असं मिळमिळीत कशाला बोलायचं? सरळ "मी तिथं होतो बे" म्हणा. चार शब्द, तिकीट लागत नाही.

लाजू तर अजिबात नका, या कामाला मोठी परंपरा आहे. 4 जून 1976 ला मँचेस्टरच्या एका लहानशा सभागृहात सेक्स पिस्टल्स वाजवून गेले. ऐकायला जेमतेम 40च्या आसपास टाळकी. आपल्याकडे साध्या सत्यनारायणाला याहून मोठी पंगत उठते. पण "त्या संध्याकाळी मी होतो" म्हणणारे पुढे हजारांनी निघाले. 1969च्या ऑगस्टमधल्या वूडस्टॉक संगीत महोत्सवाचं तेच. चार लाखांवर माणूस, पाऊस, चिखल. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सची पाळी आली सोमवारी सकाळी, तोवर बहुतेक गर्दी घराकडे निघून गेलेली. तरी हेंड्रिक्स न ऐकता वूडस्टॉकहून परतलेला एक माणूस मला आणून दाखवा.

तेव्हा थापेची काळजी नको. काळजी घ्यायची ती तारखेची. घरात बारसं असलं तर पंचांग पाहतो ना, तसं आठवण सांगण्याआधी क्रिकेटचं वेळापत्रक पाहावं.

आमच्या ठेल्यावरचा एक गडी (नाव सांगत नाही, पोहे त्याच्याच पैशानं खाल्ले आहेत) आयर्न मेडन या बँडची हकिगत दहा-बारा वर्षं सांगत होता. 17 मार्च 2007, बंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. काय सांगायचा! त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन कसा धावत आला, बँडचा तो राक्षसी बाहुला एडी कसा निघाला, मागून रेटा कसा आला आणि गर्दीत त्याची डाव्या पायाची चप्पल कशी गेली. चपलेपाशी तो दोन सेकंद थांबायचा. लोक हळहळायचे. एकदा तर ठेलेवाल्यानं पोह्यावर जास्तीची तर्री सोडली, फुकट.

मग एका रात्री गोष्ट क्रिकेटवर गेली. पोर्ट ऑफ स्पेन, वर्ल्ड कप, सेहवाग 2 धावांवर मोर्तझाकडून त्रिफळाचीत, आपण 191 वर गारद, बांगलादेशाकडून हार. गडी रंगात आला. "म्या बे रिमोट असा फेकला का टीव्ही फुटता फुटता राह्यला! मायनं पाठीत असा धपाटा घातला!" कोणीतरी मोबाइलवर तारीख काढली. 17 मार्च 2007. ठेल्यावर एवढी शांतता पसरली की तर्री रटरटताना ऐकू आली. बंगळुरूच्या हॉटेलात मॅच पाह्यली म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण धपाटा देऊन बसला होता, आणि माय धरमपेठेतली.

शिका काहीतरी यातून. तारीख सांगूच नका, "दोन हजार सहा-सात असंल" एवढ्यावर भागवा. गाणं तर मुळीच नको, गाण्याला यादी असते आणि यादी इंटरनेटवर असते. पार्किंग सांगा. लघवीची रांग सांगा. पाण्याच्या बाटलीचा भाव सांगा, तो कितीही सांगितला तरी खरा वाटतो.

सगळ्यात बिनधोक म्हणजे न झालेली कॉन्सर्ट. 28 ऑक्टोबर 2011 ला गुडगावात मेटॅलिकाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, चिडलेल्या पब्लिकनं स्टेजची मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळुरूला ते झकास वाजले, पण तुम्ही गुडगावच धरून ठेवा. तिथं पहिलं गाणं कोणतं होतं, हे विचारायची कोणाची हिंमत होणार नाही.

हल्लीच्या पोरांची मात्र कीव येते. खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये व्हिडिओ, थाप मारायला जागाच नाही. त्यातल्या त्यात कोल्डप्ले भला. 26 जानेवारी 2025चा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, म्हणजे दिघोरीतल्या सोफ्यावरूनही "लाइव्ह पाह्यला" म्हणता येतं आणि पापही लागत नाही.

आता एकच खबरदारी राहिली. खरोखर जाऊन आलेला माणूस ठेल्यावर बसवू नका. आमच्यात एक निघाला. खामल्यात राहतो, बँकेत आहे, इतकी वर्षं त्याच बाकावर मुकाट पोहे खायचा. धपाट्याच्या त्या रात्री कळलं, संघमित्राच्या जनरल डब्यात दाराशी बसून हा 2007 ला बंगळुरूला गेला होता.

"कसं होतं बे?"

"आवाज लय होता." मग बराच वेळ गप्प. "परत येताना झोप लागली नाही."

"अन् इतकी वर्षं बोलला काऊन नाही?"

त्यानं प्लेटमधला शेवटचा चणा टिपला.

"तो माझ्याहून भारी सांगून राह्यला होता ना. आल्या-आल्या त्यालेच तर सांगतलं होतं म्या सगळं." आणि मग, जरा वेळानं, "फक्त चप्पल माझी होती."