चेहऱ्यावर लिंबू घासू नका: सुरकुत्यांच्या त्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांत सुरकुत्या गायब करून देणारा एक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. एका बाजूला सुरकुतलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, आणि खाली उपायांची यादी. लिंबाची फोड खायच्या सोड्यात बुडवून चेहऱ्यावर घासा. अंड्यातला पांढरा भाग लावा, त्यातून कोलॅजन (कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन) मिळतं. तुरटी आणि बर्फ फिरवा. रात्री कपाळाला चिकटपट्टी लावून झोपा. खोबरेल तेल चोळा. रोज फेस योगा करा, कारण ‘अमेरिकेतल्या विद्यापीठाने ते सिद्ध केलंय’. आणि सनस्क्रीन फेकून द्या, ते केमिकल आहे, आपल्या भारतीय कातडीला त्याची गरजच नाही. शेवटी, ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत, जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोहोचवा.’

एरवी असलं काही मी उघडूनही बघत नाही. पण हा मेसेज साताऱ्याच्या माझ्या मावशीने वाचला, मनावर घेतला आणि अमलात आणला. तिच्या उजव्या गालावर आता जो डाग आहे तो पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून सुरुवात लिंबापासूनच करते.

मावशीने सकाळी लिंबू घासलं, तोंडावर पाण्याचे दोन हबके मारले आणि कुरडया घालायला गच्चीवर गेली. एप्रिलचं ऊन. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाला, आग व्हायला लागली. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड. फोड बसल्यावर उरला तपकिरी पट्टा: गालावरून जबड्याकडे आणि तिथून मानेवर, रस जसा ओघळला होता अगदी तसा. त्वचारोगतज्ज्ञांनी त्या ओघळाचा आकार पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘लिंबू लावलं होतं का?’

ही अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ म्हणून सुटका नाही. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना उन्हातले अतिनील ‘अ’ किरण पडले की तिथल्या पेशी भाजतात. याला वैद्यकात फायटोफोटोडर्मॅटायटिस म्हणतात. याच कुळातलं सोरॅलेन आपल्या बावचीच्या बियांत असतं. कोडावर बावची वापरतात ती याच गुणामुळे, आणि म्हणूनच जाणता वैद्य बावचीचं तेल देताना उन्हात किती वेळ बसायचं हे मोजून सांगतो. ते गणित चुकलं तर तिथेही फोड येतात. जे द्रव्य वैद्य इतकं जपून वापरतात, ते हा मेसेज रोज सकाळी चेहऱ्यावर घासायला सांगतोय आणि उन्हाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

त्यातून आपलं कागदी लिंबू हे ज्याला इंग्रजीत लाइम म्हणतात त्या जातीचं. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या मोठ्या पिवळ्या लेमनपेक्षा यात ही द्रव्यं जास्त असतात, आणि रसापेक्षा सालीत कितीतरी पट जास्त. मेसेज सालीसकट फोडच घासायला सांगतो.

आता सोडा. सामू (पीएच) म्हणजे आम्लता मोजायचा आकडा: सातच्या खाली आम्ल, वर अल्क. कातडीचा सामू साधारण पाचाच्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या जवळ, खायच्या सोड्याचा आठच्या वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि लोकांना वाटतं, काहीतरी खोलवर चाललंय. तो नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. जो घटक जास्त पडला असेल तो उरतो, म्हणजे चेहऱ्यावर आम्ल तरी राहतं नाहीतर अल्क. वरून सोड्याचे खरखरीत कण घासायचे! कातडीचं वरचं संरक्षक आवरण त्याने निघून जातं, ओल टिकत नाही, आणि कोरड्या कातडीवर बारीक रेघा उलट जास्तच दिसतात. सावळ्या, गव्हाळ वर्णावर जरा कुठे दाह झाला की मागे डाग राहतो, तो महिनोन् महिने. मावशीच्या डोळ्यांच्या कडेच्या ज्या रेघांसाठी हा खटाटोप झाला, त्या आम्हा कुणाच्या लक्षातही नव्हत्या. डाग मात्र आता आल्यागेल्या प्रत्येकाला दिसतो.

‘लिंबात क जीवनसत्त्व असतं ना?’ असतं. शंभर मिलिलिटर रसात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्वाचा चेहऱ्याला उपयोग होतो असं ज्या सीरमांबद्दल म्हणतात, त्यांत ते दहा ते वीस टक्के असतं, म्हणजे लिंबाच्या निदान दोनशे पट. लिंबात भरपूर असतं ते सायट्रिक आम्ल, पाच-सहा टक्के. चेहऱ्याला मिळतं ते हेच.

अंडं, तुरटी आणि बर्फ यांच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. अंड्याचा पांढरा भाग वाळला की ताणतो, धुतला की ताण गेला. त्यात कोलॅजन नसतंच, असतात ती अल्ब्युमिनसारखी प्रथिनं. कातडीतून आत शिरायला रेणू लहान लागतो, साधारण पाचशे डाल्टनपर्यंतचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप). अल्ब्युमिनचा रेणू पंचेचाळीस हजारांच्या घरातला आणि कोलॅजनचा तीन लाखांच्या, त्यामुळे बाहेरून फासून कोलॅजन आत जात नाही, मग ते अंड्याच्या नावाने विकलेलं असो नाहीतर महागड्या बाटलीतलं. तुरटीने कातडी घटकाभर आवळते, बर्फाने सूज घटकाभर उतरते. घरी लग्नकार्य असेल आणि सकाळी डोळे सुजलेले असतील तर बर्फ कापडात गुंडाळून फिरवा. सुरकुतीशी त्याचा काही संबंध नाही.

चिकटपट्टीबद्दल मात्र बजावून सांगते. वयाने पातळ झालेल्या कातडीवरून रोज सकाळी चिकटपट्टी ओढून काढली की वरचा थर तिच्याबरोबर निघतो. कपाळ झोपेत आठ तास सपाट राहील, पण उठल्यावर कपाळाला आठी घालणारा स्नायू आपलं काम करणारच.

तेलापुरतं मेसेजचं म्हणणं अर्धं मान्य करते. कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेघा तेलाने किंवा साध्या मॉइश्चरायझरने खरोखर कमी दिसतात, तेही लावलंय तोवर. ज्यांना मुरमं येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल लावू नये, त्याने रंध्रं बुजतात. आणि खोल घडी तेलाने भरत नाही.

आता फेस योगा. यालाच लोक सर्वांत जास्त भुलतात, कारण इथे विद्यापीठाचं नाव आहे. विद्यापीठ खरं आहे आणि अभ्यासही खरा आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो केला आणि 2018 च्या जानेवारीत ‘जामा डर्मॅटॉलॉजी’ या नावाजलेल्या नियतकालिकात तो छापून आला. तो काय सांगतो हे मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही, म्हणून इथे सांगते.

चाळीस ते पासष्ट वयाच्या 27 बायका घेतल्या होत्या. त्यांना शिक्षकाने समोर बसवून व्यायाम शिकवले. मग घरी पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास, आणि पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड अर्धा तास. शेवटपर्यंत टिकल्या 16 जणी. बाकीच्यांनी मध्येच सोडलं, आणि त्यात त्यांचा दोष नाही, रोज अर्धा तास गाल फुगवत बसायला घरात कुणाला मिळतो? फोटो कोणत्या वेळचा हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी चेहऱ्याच्या अनेक गोष्टींना गुण दिले. त्यांपैकी निश्चित सुधारणा दिसली फक्त दोन ठिकाणी: गालाचा वरचा भाग आणि गालाचा खालचा भाग जरा भरलेला दिसला. त्यामुळे बायकांचं दिसणारं वय तज्ज्ञांच्या अंदाजात 50.8 वरून 48.1 वर आलं.

म्हणजे जे झालं ते गाल भरण्याचं. वयाबरोबर गालातली चरबी कमी होते आणि खाली उतरते, खालचा स्नायू व्यायामाने थोडा फुगला तर ती पोकळी काहीशी भरते. हे पटण्यासारखं आहे, आणि वीस आठवडे नेमाने करण्याची कुणाची तयारी असेल तर मी अडवणार नाही. पण सुरकुत्या गेल्या असं त्या अभ्यासात कुठेही नाही. ज्या बाकीच्या गोष्टींत निश्चित फरक दिसला नाही, त्यांतच त्या येतात. तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गटही नव्हता, म्हणून मोठा अभ्यास करायला हवा असं संशोधकांनीच म्हटलं. आणि मेसेज म्हणतो पंधरा दिवस!

फेस योगाचे काही प्रकार तर सुरकुत्यांच्या बाबतीत उलट्या दिशेने जाणारे आहेत. मेसेजमध्ये ‘भुवया जोरात वर उचला, पन्नास वेळा’ असं आहे. कपाळावरच्या आडव्या रेघा पडतात कशा? भुवया उचलणारा स्नायू उभा आकसतो म्हणून कातडीला आडवी वळी पडते. कॉटनची साडी रोज एकाच जागी मोडली की तिथे मोड कायमची बसते, तसंच हे. व्हँकूव्हरमध्ये जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्या सतत मिटणाऱ्या रुग्णांना बोटुलिनम या विषाची अगदी थोड्या मात्रेतली इंजेक्शनं देत होत्या, तेव्हा भुवयांमधल्या आठ्या मावळल्याचं लक्षात आलं, आणि त्यातून आजचं बोटॉक्स आलं. ते काम करतं ते स्नायू सैल पाडून. स्नायू थांबवला की ज्या रेघा जातात, त्या तोच स्नायू दिवसाला पन्नास वेळा जास्त आवळून कशा जातील?

नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते ती तर निव्वळ कातडीची नसतेच. गालाची चरबी खाली सरकते, वरच्या जबड्याचं हाड वयाबरोबर झिजतं, आधार जातो. ती घडी कोणत्याही लेपाने, तेलाने, चोळण्याने जात नाही. फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचून भरायच्या द्रव्याने, कमी करता येते, तो शिकलेल्या डॉक्टरांच्याच हातून घ्यावा. आणि ती तशीच राहू दिली तरी काही बिघडत नाही, चाळिशीनंतर ती जवळपास सगळ्यांनाच असते.

राहिलं सनस्क्रीन. लिंबाइतकंच घातक वाक्य हेच आहे, कारण उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्या थोपवणारी जी एक गोष्ट लोकांच्या हातात आहे, तीच फेकून द्यायला सांगितलंय. आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं आणि गोऱ्यांच्या मानाने आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात, एवढं खरं. पण उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. शिवाय आपल्याकडे उन्हाचा पहिला परिणाम दिसतो तो वांग आणि काळपट डागांच्या रूपात, आणि वांगाने हैराण झालेल्या बायका तुमच्या-माझ्या घरात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात पंचावन्नच्या आतल्या 903 जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी, वाटेल तेव्हा लावणाऱ्यांच्या मानाने 24 टक्के कमी जून झाली होती. ते लोक बहुतेक गोरे होते, त्यामुळे तोच आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. ऊन मात्र तेच आहे. परवडत नसेल किंवा चिकट वाटत असेल तर छत्री, रुंद काठाची टोपी, तोंडावरून घेतलेला पदर. दुचाकीवर स्कार्फ बांधणाऱ्या पोरींना लोक हसतात, त्या बरोबर करतात.

‘डॉक्टर सांगणार नाहीत’ हे तर साफ खोटं. कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा, उन्हापासून जपा आणि सिगारेट सोडा हेच आधी सांगतील, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. ज्यांना औषधच हवंय त्यांच्यासाठी ट्रेटिनॉइन नावाचं मलम आहे. बारीक सुरकुत्यांवर त्याचा उपयोग होतो हे अनेक वर्षांत तपासलं गेलंय. पण परिणाम दिसायला महिने जातात, सुरुवातीला कातडी सोलवटते, गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून ते विचारूनच घ्यायचं. मेडिकलवाल्याकडून ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणून आणायचं नाही. अशा वेळी हातात पडते ती बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. आठवड्यात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात, आणि थांबवलं की आग होते. 2018 साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती काही उगाच नाही.

तुमच्या घरी कुणी हा लिंबाचा उपाय आधीच केला असेल तर साबण आणि भरपूर पाण्याने चेहरा, मान आणि हातसुद्धा धुवा, कारण रस बोटांनाही लागलेला असतो. पुढचे दोन-तीन दिवस उन्हात जाऊ देऊ नका, आग पहिल्या दिवशी नसली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. फोड आले तर फोडू नका. टूथपेस्ट, हळद, आणखी एखादा लेप काहीही न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि लिंबू लावल्याचं लपवू नका. मावशी लाजून दोन दिवस गप्प बसली, त्यात फोड चिघळले. डाग उतरायला काही महिने लागतील असं तिला सांगितलंय, तोवर उन्हापासून गाल झाकायचा. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तिथे लिंबाबद्दलचं एवढं तरी आजच लिहा, कारण उन्हाळी वाळवणं अजून संपलेली नाहीत.