थर्मोस्टॅट काढून गाडी गार होत नाही

उन्हाळा लागला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. सारांश असा: ‘जुनी मारुती अल्टो किंवा 800 तापते? थर्मोस्टॅट काढून फेका, तो थंड देशांसाठी असतो. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, साधं पाणी भरा. रेडिएटर गळत असेल तर दोन चमचे हळद टाका. फॅन डायरेक्ट करा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जात नाही तोवर चिंता नको, आणि गेलाच तर थांबून गार पाणी ओता.’ यातल्या एकदोन गोष्टींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच मेसेज टिकून आहे.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करू. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. 2000 ते 2012 च्या अल्टोमधलं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. त्याचा थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडू लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असले तरी 82 पर्यंत अजून 37 अंशांची चढण असते. म्हणजे तो लागतो नागपुरातही. आणि इंजिन खरंच तापलेलं असताना चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडाच असतो, मग तो काढून मिळवलं काय? तो बंद अवस्थेत अडकला असेल तरच काढल्याने फरक पडतो. तसं असेल तर काही शे रुपयांचा नवा बसवा, रिकामी जागा ठेवू नका. ‘थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात फिरतं, म्हणून रेडिएटरमध्ये गार होत नाही’ असं काही मेकॅनिक सांगतात, तेही चूक. खरं नुकसान वेगळं आहे. इंजिनाला गरम व्हायला वेळ लागतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते गारच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि थंडीच्या दिवसांत ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, सायीसारखा लगदा दिसू लागतो. त्याला लोक हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या सांध्यातलं सील) गेल्याची खूण समजतात आणि भलताच खर्च करून बसतात.

थर्मोस्टॅट चांगला आहे का, हे घरी कळतं. त्याच्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवा आणि त्या दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस मंद करा. झडप उघडू लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन तळाशी पडतो. त्या क्षणीचा आकडा बघा: 80–84 असेल तर ठीक. पुढे पाणी उकळू लागेपर्यंत झडप सात-आठ मिलिमीटर उघडायला हवी. बसवताना त्यावरचा हवा सुटायचा छोटा खिळा वरच्या बाजूला ठेवा आणि त्याच्या सांध्याचं गॅस्केट नवंच घाला.

साध्या पाण्याबद्दल: उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंट-मिश्रणापेक्षा सरस असतं. मेसेजमधलं एवढं खरं. आपल्याकडे पाणी गोठण्याचीही भीती नाही. पण कूलंटचं मुख्य काम गंज रोखणं आहे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, पंपाचे भाग लोखंडी, आणि त्यांच्यामध्ये बोअरचं पाणी. सोलापूर-मराठवाड्याकडचं असेल तर क्षारांनी भरलेलं. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत त्याचा थर बसतो, वर तांबडा गाळ साचतो आणि दोनतीन उन्हाळ्यांत रेडिएटर आतून अर्धा बुजतो. बाहेरून मात्र चकचकीत. वाटेत अडलात तर बाटलीतलं पिण्याचं पाणी भरा, काही बिघडत नाही. पुढच्या आठवड्यात काढून टाका म्हणजे झालं.

कूलंट बदलताना एक हिशोब बहुतेक जण चुकवतात. या इंजिनात एकूण साडेतीन लिटरच्या आसपास कूलंट मावतं, पण रेडिएटरचा खालचा नळ उघडला की सगळं बाहेर येत नाही, इंजिनाच्या ब्लॉकमधलं आतच राहतं. साध्या पाण्याने धुऊन वर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरने करा आणि निम्म्याच्या हिशोबाने आधी पावणेदोन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. हीटरचा नॉब गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, इंजिन चालू. फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) अधूनमधून दाबून हवा काढा. दोन जातींचे कूलंट मिसळू नका, आणि रंगावरून जात ओळखूही नका. रंग कंपनी हवा तो घालते.

याच जागी रेडिएटरच्या झाकणाकडेही बघा. 0.9 बार दाब धरणारं चांगलं झाकण असेल तर निव्वळ पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेल्या झाकणाखाली ते शंभरलाच उकळून बाजूच्या बाटलीत जातं. सकाळी वरचा होज पिचकलेला दिसला, तर झाकणाची आतली छोटी झडप अडकली आहे. दोन्ही रोगांवर औषध एकच: नवं झाकण.

हळदीची युक्ती खोटी नाही. भुकटी फुगते, सुईएवढ्या भोकात बसते, घाटातून घर गाठता येतं. पण ती भोक आणि नळी यांत भेद करत नाही; हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात. शिवाय या गाड्यांचे रेडिएटर बहुधा जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते त्या कडेने गळतात, आणि तिथे हळद टिकत नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख मारता यायचा, याला नाही. बदला.

फॅन डायरेक्ट केला, म्हणजे सेन्सर वगळून बॅटरीला जोडला, की बिघाड झाकला जातो, एवढंच. मोटर सात-आठ अँपियर खेचते. रिलेशिवाय (जास्त करंट सांभाळणाऱ्या स्विचशिवाय) डॅशबोर्डच्या स्विचवर घेतली तर वायर वितळते. आधी फॅनचा कनेक्टर काढून बॅटरीतून थेट बारा व्होल्ट द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष फ्यूज, रिले किंवा सेन्सरकडे. गाडी कुठे तापते तेही बघा. सिग्नलला तापते आणि हायवेवर गार होते तर फॅन बघा. गावात ठीक पण खंबाटकी चढताना तापते तर रेडिएटर बुजलेला, समोरच्या जाळीत चिखल-किडे अडकलेले, नाहीतर थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा.

तापमानाच्या काट्यावर विसंबणं सगळ्यात महाग पडतं. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. होज फुटून पाणी गेलं की तो नुसत्या वाफेत उरतो आणि चढलेला काटा खाली येतो, तेवढ्यात इंजिन शिजतं. हीटर चालू करून बघा: इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार वारा, म्हणजे पाणी फिरत नाही. इंजिन लगेच बंद करा. गरम वारा येत असेल तर मात्र एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि सावकाश कडेला घ्या.

आणि गार पाणी ओतणं? दाबाखालचं झाकण उघडलं की 110 अंशांचं पाणी एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास थांबा, वरचा होज हाताने दाबून मऊ लागला तरच फडकं धरून झाकण फिरवा, आणि पाणी इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं की ते वाकतं किंवा तडकतं. वाकण्याची मुभा 0.05 मिलिमीटर, साध्या कागदाच्या निम्मी जाडी. पुढे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजणी, हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवं गॅस्केट. हेड उघडलंच आहे तर थर्मोस्टॅटही नवा घालून घ्या. मेसेज वाचून आधीच काढला असेल तर नक्कीच.