आईंचा फोन आणि माझी बक्षिसी

थरच्या वाळवंटात एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातात वीस रुपयांची नोट ठेवली आणि खांदा थोपटला. घरच्यांना ही घटना अतिशय विनोदी वाटते. मला अजून तितकी वाटत नाही.

जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि तिथल्या छावण्यांमध्ये उंटाची फेरी, सूर्यास्त, लोकसंगीत, नृत्य व राजस्थानी जेवण असा संध्याकाळचा ठरीव कार्यक्रम असतो. उंट आणि सूर्य यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दोघेही वेळेवर खाली आले. तक्रार गादीपासून सुरू होते. मी पुढच्या रांगेत जागा पाहून बसलो, एक वृद्ध मांगणियार कलाकार कमायचा वाजवू लागले, आणि तेवढ्यात एका तरुणाने विजेरीच्या उजेडात माझ्या मनगटावरची कागदी पट्टी तपासून सांगितले की पुढच्या गाद्या निळ्या पट्टीच्या पाहुण्यांसाठी आहेत. माझी पट्टी पांढरी होती. स्वागताच्या वेळी बांधलेला केशरी साफा सावरत मी मागे, जनरेटरच्या शेजारी, जाऊन उभा राहिलो.

कमायचा हे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेल्या गोल पोटाचे, गजाने वाजवायचे वाद्य. यजमान घराण्यांच्या जन्म-विवाहाच्या प्रसंगी गाणे ही मांगणियारांची पिढीजात वृत्ती, आणि याच जिल्ह्यातल्या हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचावादनासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली होती. हे सगळे निवेदकाने सांगायला हवे होते. तो मात्र "गुजरातवाले कुठे आहेत?" एवढेच विचारत होता.

माझ्या गादीवर आता एक निळ्या पट्टीचे गृहस्थ विराजमान झाले होते आणि आपल्या आईंना व्हिडिओ कॉलवर वाळवंट दाखवत होते. "आई, ही वाळू. वाळू! अगं, सगळीकडे वाळूच आहे!" इतक्यात निवेदकाने पाहुण्यांना नाचायला बोलावले. गृहस्थ उठले, आजूबाजूला पाहिले, साफा बांधून उभा असलेला मी त्यांना दिसलो, आणि "भैया, जरा पकडो" असे म्हणून फोन माझ्या हातात देऊन ते रिंगणात शिरले.

पडद्यावरच्या बाई मला न्याहाळत होत्या.

"जरा डावीकडे धरा," त्या म्हणाल्या. मी धरला. "तो म्हातारा वाजवत होता तो कुठे गेला?"

"थांबवलं त्यांना," मी म्हणालो.

"का? बरं चाललं होतं की!"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण तोवर ध्वनिवर्धकातून लग्नाच्या वरातीतली गाणी सुरू झाली होती. कालबेलिया नृत्याला युनेस्कोच्या यादीत २०१० साली स्थान मिळाले. ते नृत्य करणाऱ्या मुली त्या ठोक्यावर सुटलेल्या पोटांच्या पाहुण्यांना गिरक्या शिकवत होत्या. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, हा राजस्थानचा राज्यपक्षी. नामशेष होत चाललेल्या या पक्ष्यासाठी राखलेले मरू राष्ट्रीय उद्यान याच परिसरात आहे. त्या रात्री एखादा माळढोक जवळपास असलाच, तर त्यालाही वरातीत सामील होण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"जेवायला काय आहे ते दाखवा," आईंनी फर्मावले. मी फोन धरून पातेल्यांपुढून फिरलो. दालबाटी त्यांना पसंत पडली. केर-सांगरीपाशी त्यांनी मला थांबवले. "या काटक्या कसल्या?" सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, त्या वाळवून ठेवतात आणि भिजवून शिजवतात, असे मी सांगितले. "मग आमच्या बाळ्याला बाधणार नाही. त्याला वाढा थोडी. आणि बाटीवर तूप कमी घाला, त्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय."

एवढ्यात बाळ्या घामाघूम होऊन परतला आणि आमचे संभाषण ऐकून हरखला. "आई, बघितलंस का, इथली माणसं किती हुशार! टूरिस्टांसाठी मराठीसुद्धा शिकून घेतलंय!" त्यानंतर ती नोट आणि तो खांदा. मीही पर्यटकच आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाले, "हां, पांढरी!" नोट परत घेण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, आणि माझ्या वाट्याच्या बाट्या तोवर संपल्या होत्या.

कमायचा मध्येच का थांबवला, हे विचारायला मी व्यवस्थापकांकडे गेलो. ते अत्यंत नम्र होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि अभिप्रायाचा छापील कागद दिला. त्यात तंबू, जेवण, डीजे, स्वच्छतागृह आणि उंट यांना पाचपैकी तारे देण्याची सोय होती. गायक-वादकांचा रकानाच नव्हता. मी उंटाला पाच तारे दिले आणि सही केली.