लटकती साखळी म्हणजे पॅराबोला नाही

दोन खिळ्यांना अडकवलेली साखळी, विजेची तार, झुलता पूल हे सगळे पॅराबोला (फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र), असा एक फॉरवर्ड फिरतोय, त्यातलं पुलाचं जवळपास बरोबर आहे, बाकीचं नाही. नुसती साखळी स्वतःच्याच वजनाने लोंबते तेव्हा होते ती कॅटेनरी नावाची वेगळी वक्ररेषा, ह्यूजेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली या गणितज्ञांनी 1691 मधे तिचं समीकरण दिलंय. घरी करून बघा, गळ्यातली चेन ग्राफ पेपरवर चांगली खोल लोंबू द्या, दोन टोकं आणि तळ या तीन बिंदूंतून पॅराबोला काढा, मधे चेन दोन्ही बाजूंना त्या पॅराबोलाच्या खाली जाते. पुलाच्या केबलवर रस्त्याचं वजन आडव्या अंतरात सारखं वाटलेलं असतं म्हणून तिथे पॅराबोला येतो. कृपया मुलांना तरी नीट सांगा.