‘यूपीआय शिकले, तसं पोर्टलही शिकतील’ हे खरं नाही

गेल्या काही दिवसांत आमच्याकडच्या बऱ्याच ग्रुपांवर एक मजकूर फिरला. त्याचा गोषवारा असा: सरकारी पोर्टल बनवताना ‘युझर रिसर्च’ करणं, म्हणजे ते वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांना कुठे अडतं ते पाहणं, ही वेळेची आणि पैशाची नासाडी. लोकांना ‘काय हवंय?’ विचारून हाती काही लागत नाही. गोवा साक्षर आहे, मासळीवालीसुद्धा यूपीआय वापरते, तेव्हा पोर्टलही लोक शिकतील. अडलं तर तक्रार करतील, मग दुरुस्त करू. ज्याला जमतच नाही त्याला मुलं किंवा सेवा केंद्रवाला अर्ज भरून देईल. असं संशोधन करून घेणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देते.

यूपीआयचा दाखला सगळ्यांना पटतो, म्हणून आधी तोच. २०१६ साली यूपीआय आलं आणि लोक ते शिकले, हे खरंच आहे. पण कसे शिकले? म्हापशाच्या बाजारात बांगडे घेतले, कोड स्कॅन केला, रक्कम घातली, पिन दिला. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं, कारण स्पीकर बोलत नाही आणि मासळीवाली पिशवी हातात देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात हात बसतो. उलट उत्पन्नाचा दाखला माणूस कधीमधी काढतो, जमीन नावावर करण्याचा अर्ज आयुष्यात एखाद-दोनदा. तिथे हात बसायचा कधी? आणि चूक कळते ती अर्ज परत आल्यावर. तोवर आपण कुठल्या रकान्यात काय भरलं होतं, हे कोणाच्या लक्षात राहतं? असा अर्ज पहिल्याच खेपेला जमला पाहिजे. तो जमतो की नाही, हे पहिल्यांदा भरणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

आता साक्षरता. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण अक्षर वाचता येणं वेगळं आणि फॉर्मला काय हवंय ते कळणं वेगळं. पेडणे तालुक्यात आम्ही एका अर्जाचा कच्चा नमुना तपासत होतो. हळर्णच्या एक काकी होत्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. गावांची यादी इंग्रजीत, इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली. काकी ‘एच’पर्यंत आल्या, थांबल्या, वर गेल्या, परत खाली आल्या. बोटाने स्क्रीन पुसून पाहिली. मग म्हणाल्या, “बाये, हातूंत आमचो गांवच ना.” गाव यादीत होतं, पण ‘ए’खाली, ‘अलोर्ना’ म्हणून. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमुळे हरमलही ‘ए’खाली जातं, डिचोली ‘बी’खाली, केपे ‘क्यू’खाली. यादी आम्हीच केली होती आणि टीममधल्या एकालाही यात काही वावगं दिसलं नव्हतं. जुन्या कागदांवरच्या नावांचंही तेच आहे. आजोबांच्या दस्तात ‘शंकर’ची सुरुवात ‘एक्स’ने होते, नातवाच्या आधारवर ‘एस’ने. दोन्ही नावं तंतोतंत जुळलीच पाहिजेत असं पोर्टल म्हणालं, तर खरा वारस खोटा ठरतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचं स्थान दिलं आणि सरकारी कामात मराठीलाही वाव ठेवला. गावाचं नाव देवनागरीत शोधता यावं ही मागणी त्यामुळे अवाजवी मुळीच नाही.

‘तक्रार आली की दुरुस्त करू’ हे ऐकायला व्यवहारी वाटतं. पण काकींनी तक्रार कुठे केली असती? त्या फोन ठेवून घरी गेल्या असत्या. पोर्टल आपोआप ठेवतं त्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, एवढंच दिसलं असतं की एक अर्ज दुसऱ्या पानावर अर्धवट सुटला. का सुटला, ते नाही. आणि तक्रार करायला किती बळ लागतं तेही पाहा. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्य नसतं. ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली, तेव्हा ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. अशी एक व्यक्ती चाचणीला बसवली असती, तर ही अडचण पहिल्याच दिवशी पुढे आली असती.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात. यासाठी हजारो लोकांचं सर्वेक्षण लागत नाही. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: पाच जणांना काम करताना पाहिलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र ते पाच एकाच प्रकारचे वापरकर्ते धरलेले आहेत. पणजीच्या ऑफिसातले पाच जण सत्तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या जागी चालणार नाहीत, तिथे वेगळे पाच हवेत. तरीही हे थोड्या दिवसांचं काम आहे. त्या मजकुरात एक गोष्ट मात्र बरोबर होती: ‘तुम्हाला काय हवंय?’ असं लोकांना विचारून फारसं हाती लागत नाही. म्हणूनच आम्ही विचारत कमी बसतो आणि बघतो जास्त.

राहिला सेवा केंद्रवाला. तो मदत करतो, मनापासून करतो. पण अर्जदाराकडे फोन नसला की तो स्वतःचा नंबर टाकतो, आणि ‘कागद अपुरे आहेत’ हा मेसेज त्याच्या फोनवर, पन्नास मेसेजांच्या गर्दीत येतो. मुलाचा नंबर दिला तर मुलगा तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला, ओटीपी तिकडे वाजतो आणि इथे आई खिडकीपाशी उभी. दुसऱ्याने भरून दिलेला अर्ज ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे, तर फॉर्मने ती धरून चालायला हवं. पुढच्या नमुन्यात आम्ही नंबराखाली एक प्रश्न टाकला: ‘हा फोन कोणाचा?’ उत्तर ‘माझा नाही’ आलं, की अर्जाची पावती कागदावर निघते आणि त्यावर पुन्हा कधी, कुठे यायचं ते देवनागरीत छापलेलं असतं. हा प्रश्न आम्हाला एका केंद्रचालकाने सुचवला, त्याच्या शेजारी अख्खी सकाळ बसलो होतो तेव्हा.