आधी तंबोरा ऐका

फोन बाजूला ठेवून रोज अर्धा तास विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागगायन ऐका, हा एका लेखात वाचलेला सल्ला मनापासून पटला. मी म्हणेन, सुरुवात नुसत्या तंबोऱ्यापासून करा. आधी पंचमाची (प स्वराची) तार, मग जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या (सा स्वराच्या) दोन तारा, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी (तारेची गुंजणारी आस) लागते आणि तोच स्वर भरून येतो. तिथे घाई चालतच नाही. मिरजेत ही वाद्यं पिढ्यानपिढ्या घडतात. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही (त्या गावाची खासियत म्हणून सरकारी मान्यता) मिळालं.

धर्मावरून रोज रात्री चॅनेलवर चालणारा आरडाओरडा ऐकून जीव विटतो. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी, आणि भीमसेनजींच्या गळ्यातून घरोघरी पोचलेले अभंग! आमच्याकडे आषाढी एकादशीला पहाटे तेच लागतात. किराणा घराण्यापासून विठ्ठलापर्यंतची ही वाट इतकी सरळ आहे. शिक्षकांना कळकळीची विनंती: सहल काढाल तेव्हा मुलांना मिरजेला न्या, दर्ग्यातही आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतही.