माल निघाला काय ओ?

आज सकाळी डेअरीवर दूधवाल्यानं चार माणसांदेखत विचारलं, "सर, माल निघाला काय ओ?" मी केमिस्ट्रीचा रिटायर्ड मास्तर. बेळगावच्या टिळकवाडीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाली. आणि आता हे.

भाचा इंग्लंडात ब्रिस्टलला असतो. तिकडं घरी पिण्यापुरती सायडर, म्हणजे फळांचा रस आंबवून केलेली हलकी दारू, करायला मुभा आहे. यानं सफरचंदाची केली, ब्लॅकबेरी घालून गोडसर ठेवायचीय, पण आंबणं काही थांबेना. म्हणून व्हिडिओ कॉल. घरात रेंज नाही, म्हणून मी अंगणात. आणि कंपाउंडपलीकडं शेजारच्या वहिनी सांडगे राखत बसलेल्या.

"आधी थंडीत ठेव," मी सांगत होतो. "आंबवणारं यीस्ट तळाला बसतं. वरचं नितळ नळीनं काढून घे."

"इडलीचं पीठ फ्रिजात टाकलं की थांबतंयच की ओ सर. त्याला एवढं काय सांगालायसा?"

"थांबत नाही वहिनी, झोपतं. बाहेर काढलं की परत उठतं."

"आमच्यात उठत नाही. त्याच्या आधी संपतंय."

भाचा खो खो हसला. माझ्या विनोदाला हा कधी हसलेला नाही.

मी नेटानं पुढं गेलो. नितळ काढल्यावर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बेटनं यीस्ट मरत नाही, फक्त त्याची पिलावळ वाढत नाही, म्हणून तर गाळ आधी काढायचा.

"म्हणजे कुटुंब नियोजन म्हणा की!" हे अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "आणि ते पहिलं म्हणजे केएमएस. अननसाच्या सरबतात घालतो की आम्ही. पण मी म्हणते, एवढ्या भानगडीपेक्षा बाटल्या कुकरात घाल बाळ, एक शिट्टी काढ."

इथं माझं डोकं सरकलं. गॅस धरलेली बंद काचेची बाटली कुकरात? स्वयंपाकघराच्या भिंतीत काचा रुतल्या असत्या! "पाश्चरनं १८६५ साली वाइन तापवायचं पेटंट घेतलं," मी ओरडलो, "पन्नास-साठ अंश पुरतात वाइनला, शिट्टी न काढता!"

"पाश्चर म्हणजे मिरजेच्या मिशन दवाखान्यातले काय ओ?"

बाटल्या, गाळ, आंबणं एवढंच कंपाउंडवरून गल्लीत गेलं. ब्रिस्टल अलीकडंच राहिलं. लायसन्सशिवाय दारू केली तर इथं अबकारीवाले दारात येतात, हे मला ठाऊक नाही होय? पण विचारतो कोण. परीक्षेच्या आदल्या रात्री "तेवढं इम्पॉर्टंट सांगा सर" म्हणत पोरांना घेऊन येणारी हीच माणसं. फी विचारायची पद्धत नाही, वर चहा आम्हीच पाजायचा. निकाल लागला की पेढे क्लासवाल्याला.

दुपारी भाच्याला लिहून पाठवलं: सॉर्बेट घातल्यावरच ब्लॅकबेरी घाल, नाहीतर फळातली साखर खाऊन उरलंसुरलं यीस्ट परत कामाला लागेल, आणि बाटल्या फ्रिजमध्येच ठेव. त्यावर त्याचा अंगठा आला. खाली एक ओळ.

"मामा, त्या वहिनींना पण एकदा विचारून घ्या ना."